पिल्लं लहान-मोठी, तूस ओलं: आतड्याचा व्हायरस आहे की आणखी काही, कसं शोधायचं

पुणे जिल्ह्यात दौंड, शिरूर, खेड, भोर, मुळशी, कुठेही जा, ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये ही तक्रार वर्षातून दोन-तीनदा कानावर येतेच. पिल्लं उतरली तेव्हा चांगली होती, पहिले चार-पाच दिवस काही नव्हतं, आणि आठवडा उलटता उलटता अर्धी वाढली, अर्धी तिथेच अडकली. सुपरवायझर येतो, चार विष्ठा बघतो आणि म्हणतो, "व्हायरल आहे." मेडिकलवाला एक पुडी देतो. पुडी संपते, पिल्लं तशीच राहतात.

हीच भानगड मी इतक्या शेडमध्ये निस्तरली आहे की आता क्रम ठरून गेलाय. "व्हायरल" हे निदान नाही. आतड्यात राहणारे व्हायरस अनेक आहेत, त्यांची कुळं वेगळी, येण्याच्या वाटा वेगळ्या. आणि निम्म्याहून जास्त वेळा गडबड व्हायरसची नसून पाण्याच्या लाइनीची किंवा रात्रीच्या थंडीची निघते. म्हणून आधी फुकटचं तपासायचं आणि लॅबचा खर्च शेवटी करायचा.

लक्षणं नेमकी कोणती

आतड्याच्या व्हायरसचा संशय घ्यावा असं चित्र साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसात दिसतं. विष्ठा पातळ, पिवळसर-नारिंगी, कधी फेसाळ, आणि नीट बघितलं तर त्यात न पचलेल्या मक्याचे कण. शेपटीखालची पिसं चिकटलेली. पाय आणि चोच फिकी. दोन आठवड्यांच्या पुढे पंखांची पिसं वेडीवाकडी, आडवी उभी राहिलेली. इंग्रजीत अशा पक्ष्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. पिल्लं खाद्यावर येतात, खातात, पण अंगी लागत नाही. काही तर तूसच टोचत बसतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रॉयलरमध्ये याची नोंद आहे. पुस्तकात याला रंटिंग-स्टंटिंग किंवा मालअ‍ॅबसॉर्प्शन म्हणतात, म्हणजे खाल्लेलं शोषलं न जाणं.

मर फारशी नसते, हे लक्षात ठेवा. नुकसान होतं ते एफसीआरमध्ये, म्हणजे किलोभर वजनामागे लागणाऱ्या खाद्यात, आणि काढून टाकाव्या लागणाऱ्या बारक्या पिल्लांमध्ये. विष्ठेत ताजं रक्त असेल, मान वाकडी होत असेल किंवा एका रात्रीत ढीगभर पक्षी मेले असतील, तर पुढचं वाचत बसू नका, शेवटच्या भागावर जा.

पहिली तपासणी: वजनकाटा

नजरेवर जाऊ नका. शेडच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून शंभरेक पिल्लं पकडा आणि प्रत्येक वेगळं तोला. क्रेटभर एकदम तोलून सरासरी काढली तर लहान-मोठेपणा त्यात दडून जातो, आणि आपल्याला शोधायचा आहे तोच. ४०-४२ ग्रॅमचं पिल्लू सातव्या दिवशी चार ते साडेचार पट व्हायला हवं. शंभरातली ऐंशी पिल्लं सरासरीच्या दहा टक्के खाली-वर या पट्ट्यात असतील तर बॅच एकसारखी आहे, घाबरू नका. सगळीच सारखी हलकी असतील तर संशय खाद्यावर किंवा ब्रूडिंगवर, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत दिलेल्या उबेवर, जातो. व्हायरसचं चित्र वेगळं असतं: बरीचशी ठीक आणि एक गठ्ठा अगदी निम्म्या वजनाचा.

त्याच वेळी वहीत बघा, पिल्लं एकाच पॅरेंट कळपाची (ज्या कोंबड्यांच्या अंड्यांतून पिल्लं काढतात तो कळप) होती का दोन-तीन ठिकाणची मिसळलेली. तरुण कोंबड्यांच्या अंड्यातून आलेली पिल्लं मुळातच लहान असतात. ती मोठ्यांत मिसळली की आठव्या दिवशी जे दिसतं त्याला कुठलाच व्हायरस लागत नाही.

दुसरी: ओल कुठे आहे

शेडचा नकाशा कागदावर काढा आणि तूस जिथे ओलं आहे तिथे रेघा मारा. मूठभर तूस दाबून सोडा. विस्कटलं तर ठीक, लाडू वळला आणि तसाच राहिला तर ओल जास्त.

आता नकाशा बघा. ओल फक्त निपलच्या, म्हणजे पाणी प्यायच्या तोट्यांच्या, ओळीखाली असेल तर दोष प्लंबिंगचा: दाब जास्त, निपल गळके, नाहीतर उंची चुकलेली. पिल्लाला मान थोडी वर करून प्यावं लागेल इतकी उंची हवी. खाली असेल तर अंग लागून पाणी सांडतं. ओल एकाच भिंतीकडे असेल तर पाऊस आत येतोय. मुळशी-मावळात आषाढात पडदे कायम खाली असतात, अमोनिया साचतो, तूस वाळतच नाही. तिथे आधी वरून थोडी हवा खेळू द्या. आणि ओल सगळीकडे सारखी, जिथे पिल्लं बसतात तिथे, असेल तर ती पिल्लांच्या पोटातून आलेली आहे. तेव्हाच पुढे जायचं.

तिसरी: रात्रीचं तापमान

डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या आसपास पहाटे पारा दहाच्या जवळ जातो. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३२-३३ अंश हवेत, भिंतीवर टांगलेल्या थर्मामीटरवर नव्हे. स्वतः पहाटे चार वाजता शेडमध्ये जाऊन बघा, कामगाराच्या सांगण्यावर राहू नका. थंडी लागलेलं पिल्लू खात नाही, पोटातला पिवळा बलक नीट जिरत नाही आणि विष्ठा पातळ होते. हे सगळं व्हायरससारखंच दिसतं. पिल्लं उतरल्यानंतर चोवीस तासांनी गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून बघायची सवय लावा. शंभरात पंच्याण्णव पिल्लांची भरलेली आणि मऊ लागली पाहिजे.

चौथी: पाणी

बोअरचं पाणी जड असेल, त्यात मॅग्नेशियम आणि सल्फेट जास्त असेल, तर जुलाबासाठी वेगळं कारण शोधायला नको. टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, कुठले ते सांगत नाही. त्यासाठी पाणी तपासायला द्या. जिल्ह्यात अशा प्रयोगशाळा आहेत. पण त्याआधी एक सोपा प्रयोग करता येतो. शेडचा एक कप्पा वेगळा करा आणि तेवढ्याच पिल्लांना दोन-तीन दिवस आरओचं किंवा खात्रीचं दुसरं पाणी द्या. तिथली विष्ठा घट्ट झाली तर उत्तर मिळालं.

लाइनीच्या शेवटच्या निपलला क्लोरीन मोजा, टाकीत नव्हे. तिथे ३ ते ५ पीपीएम मिळालं पाहिजे. टाकीत भरपूर आणि टोकाला शून्य, याचा अर्थ पाइपात आतून शेवाळी थर बसलाय आणि क्लोरीन तिथेच खर्च होतंय. लस पाण्यातून द्यायची असेल तेव्हा मात्र क्लोरीन बंद, हे सांगावं लागू नये, पण सांगतो.

पाचवी: फोन

ही माझ्या लेखी सगळ्यात कामाची तपासणी आहे आणि कोणीच करत नाही. ज्या गाडीतून तुमची पिल्लं आली त्याच गाडीतून आणखी कोणाकडे उतरली, ते ड्रायव्हरला किंवा कंपनीला विचारा. त्यांना फोन लावा. मग ज्यांच्याकडे तुमच्याच खाद्याचा लॉट गेलाय पण पिल्लं वेगळ्या हॅचची (अंड्यांतून काढलेल्या खेपेची) आहेत, त्यांना लावा.

पिल्लं तीच आणि खाद्य वेगळं, तरी तिकडेही हेच असेल, तर बोट पिल्लांकडे, म्हणजे पॅरेंट कळपाकडे. खाद्य तेच आणि पिल्लं वेगळी, तरी हेच, तर खाद्य: मीठ जास्त, सोयापेंड कच्ची, नाहीतर पावसाळ्यात भिजलेल्या मक्यातली बुरशी. दोन्हीकडे सगळं छान आणि फक्त तुमच्याकडे त्रास, तर घाण तुमच्या शेडमध्ये मागच्या बॅचपासून बसलेली आहे. व्हायरसचं नाव लागण्याआधीच तो कुठून आला याचा अर्धा उलगडा एवढ्या फोनांत होतो. म्हणून पिल्लांच्या पावतीवरचा हॅचचा तपशील आणि खाद्याच्या पोत्यावरचा बॅच नंबर फाडून फेकू नका, वहीला टाचून ठेवा.

सहावी: पक्षी फाडून बघणे

पाच पक्षी घ्या, नुकतेच निवडून काढलेले, लक्षणं ठळक असलेले. रात्री मेलेला पक्षी घेऊन बसू नका. आतडं सगळ्यात आधी कुजतं आणि मग व्हायरसने झालेलं नुकसान कुठलं, कुजण्याने झालेलं कुठलं, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. शक्यतो पशुवैद्यकाला बोलावून त्यांच्या हातून करा. जवळ उभे राहून बघा, पुढच्या वेळी डोळा तयार होतो.

व्हायरस असेल तर आतडं फिकं, पातळ, फुग्यासारखं ताणलेलं आणि आत पाणी, फेस, न पचलेलं खाद्य. सीकममध्ये, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या बंद पिशव्यांत, पिवळा फेस. गिझार्डच्या (खाद्य दळणाऱ्या पोटाच्या) आधीचं जठर कधी सुजलेलं.

कॉक्सी, म्हणजे आतड्यातल्या एकपेशी परजीवीचा रोग, वेगळी ओळखता येते. आतड्याच्या सुरुवातीला आडव्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर एक जात, सीकममध्ये रक्त असेल तर दुसरी. फसवणारी तिसरी आहे, मॅक्सिमा. ती मधल्या आतड्यात नारिंगी चिकट शेंबूड करते आणि बाहेरून विष्ठा हुबेहूब व्हायरससारखी दिसते. इथे वय बघा. कॉक्सीचं एक चक्र पुरं व्हायला पाच ते सात दिवस लागतात आणि नुकसान होण्याइतकी संख्या वाढायला एकाहून जास्त चक्रं. त्यामुळे सहाव्या दिवशी सुरू झालेला त्रास कॉक्सीचा असण्याची शक्यता कमी, आणि चोविसाव्या दिवशी सुरू झालेला व्हायरसचा म्हणण्याआधी आतड्याची खरवड मायक्रोस्कोपखाली बघितलीच पाहिजे. आतली बाजू टॉवेलसारखी खरखरीत आणि घाण वास, तर क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू. त्याला औषध आहे, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

मूत्रपिंडं सुजलेली, पांढऱ्या युरेटने (युरिक आम्लाच्या क्षाराने) भरलेली, यकृतावर-हृदयावर खडूसारखा थर दिसला तर तो गाउट. इथे आतड्याचे म्हणवले जाणारे व्हायरसही कारण असू शकतात. २०१३ साली भारतातल्या ब्रॉयलरमधल्या गाउटशी चिकन अ‍ॅस्ट्रोव्हायरसचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. पण मूत्रपिंडाला धरणारा आयबी (इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस) व्हायरस आणि मीठ-कॅल्शियमची गडबड हेही तसंच करतात. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचून हृदय सोललेल्या लिचीसारखं दिसलं तर तो अ‍ॅडेनोव्हायरसचा लिची रोग. ती गोष्टच वेगळी.

सातवी: नमुना लॅबला

वरचं सगळं झालं, उत्तर मिळालं नाही, किंवा सलग दुसऱ्या बॅचला तेच झालं, तरच इथे या. बहुतेक पैसे इथेच वाया जातात, कारण नमुना चुकीचा जातो.

वय: पाच ते चौदा दिवस. पस्तीस दिवसांच्या पक्ष्यातून नमुना पाठवला तर जे सापडेल ते नंतर आलेलं असू शकतं आणि ज्याने घात केला तो निघून गेलेला असू शकतो.

दोन गट: आजारी पिल्लांचा एक आणि त्याच वयाच्या चांगल्या पिल्लांचा दुसरा, शक्यतो चांगल्या चाललेल्या शेडमधला. हा दुसरा गट पाठवणारे फार थोडे. का पाठवायचा? कारण अ‍ॅस्ट्रो, रोटा, पार्व्हो हे सगळे व्हायरस धडधाकट पक्ष्यांच्या आतड्यातही सापडतात. नुसत्या आजारी गटाचा "पॉझिटिव्ह" हाती घेऊन तुम्हाला काहीच कळत नाही.

नमुना: आतड्याचा तुकडा आतल्या द्रवासकट, दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून, स्वच्छ डबीत. थर्माकोलच्या पेटीत बर्फावर, चोवीस तासांत पोचेल असा. घरच्या फ्रिजरमध्ये गोठवून, वितळवून, पुन्हा गोठवून पाठवू नका. बहुतेक आतड्याचे व्हायरस आरएनएवाले, ते अशाने तुटतं. दुसरा तुकडा दहा टक्के फॉर्मलिनमध्ये वेगळ्या बाटलीत. तो ऊतींच्या तपासणीसाठी, पीसीआरसाठी (व्हायरसची जनुकं शोधणाऱ्या तपासणीसाठी) नाही. या तपासणीत आतड्याच्या ग्रंथी फुगून पोकळ्या झालेल्या दिसल्या तर रंटिंग-स्टंटिंगचा तो मोठा पुरावा, कारण तिथे नुकसानच डोळ्यांना दिसतं. बर्फ नसेल तर एफटीए कार्डवर (जनुकं टिकवून ठेवणाऱ्या खास कागदावर) ठसा घेता येतो, आधी लॅबला विचारून घ्या.

पाठवायचं कुठे? औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय. खासगी आणि कंपन्यांच्या लॅबही पुण्यात आहेत. कुठली तपासणी कुठे होते ते आधी फोनवर विचारा. "पुण्यात एनआयव्ही आहे ना?" असं बरेच जण विचारतात. ती माणसांच्या विषाणूंची संस्था आहे, आपल्या कोंबडीचं आतडं घेऊन तिच्या दारात उभं राहू नका.

रिपोर्टमधली नावं आणि त्यांचा उपयोग

अ‍ॅस्ट्रोव्हायरस: अगदी लहान, २८-३० नॅनोमीटरचा, आरएनए एकेरी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली काही कणांवर चांदणी दिसते, त्यावरून नाव. कोंबडीत याच्या दोन जाती महत्त्वाच्या, चिकन अ‍ॅस्ट्रो आणि मूत्रपिंडाला धरणारा एव्हियन नेफ्रायटिस. बाहेरच्या कवचाच्या जनुकावरून चिकन अ‍ॅस्ट्रोचे पुन्हा ए आणि बी असे गट पाडतात.

रोटाव्हायरस: चाकासारखा, आरएनए दुहेरी आणि ११ तुकड्यांत. कोंबड्यांत ए, डी, एफ, जी असे गट. इथे एक खड्डा आहे. लहान मुलांच्या किंवा वासरांच्या जुलाबासाठी जे झटपट किट मिळतात ते ए गटच पकडतात. त्यावर निगेटिव्ह आलं म्हणजे रोटा नाही असं नव्हे, डी गट त्यातून निसटतो.

रिओव्हायरस: याचेही तुकडे, पण १०. म्हणून जेलवर आरएनए पळवलं की पट्ट्या मोजून रोटा आणि रिओ वेगळे करता येतात. जुनी, स्वस्त पद्धत आहे, पण व्हायरस भरपूर असेल तरच पट्ट्या उमटतात. रिओ आतड्यापेक्षा सांध्यांसाठी बदनाम आहे. लंगडणारे पक्षी असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याचे प्रकार सिग्मा-सी या प्रथिनाच्या जनुकावरून ठरवतात.

पार्व्होव्हायरस: सगळ्यात लहान, डीएनए एकेरी, १९८४ साली हंगेरीतून कोंबडीत पहिल्यांदा नोंदला गेला. अ‍ॅडेनो: डीएनए दुहेरी, ए ते ई पाच जाती आणि त्यांत बारा सिरोटाइप (प्रतिपिंडांवरून पाडलेले उपप्रकार), हेक्सॉन जनुकावरून ओळखतात.

रिपोर्टवर पीसीआरची सायकल, म्हणजे सीटीचा आकडा असेल तर तो वाचा. आकडा जितका कमी तितका व्हायरस जास्त, आणि साधारण ३.३ चा फरक म्हणजे दहापट. आजारी गटात १८ आणि चांगल्या गटात ३१, तर त्या व्हायरसकडे बोट दाखवता येतं. दोन्हीकडे २७-२८, तर तो तिथे नुसता राहायला आहे. बहुतेक रिपोर्टांत एकाहून जास्त नावं येतात. मग याच तुलनेने चाळायचं.

आणि वर्गवारीचा शेतकऱ्याला फायदा काय? वाट कळते. रिओ, अ‍ॅस्ट्रो, नेफ्रायटिस, अ‍ॅडेनो हे कोंबडीकडून अंड्यातून पिल्लात उतरू शकतात. म्हणजे फोनवरच्या चौकशीत त्याच हॅचची पिल्लं सगळीकडे फुटलेली आणि रिपोर्टात यातलं एक ठळक, तर प्रश्न पॅरेंट कळपाच्या रोगप्रतिकारशक्तीचा आहे. रिओसाठी पॅरेंटना लस देतात. त्या कळपाचं लसीकरण आणि टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) कंपनीने बघायचं, तुम्ही शेड कितीही धुतली तरी उपयोग नाही. रोटा मुख्यतः विष्ठेतून पसरतो. तो सापडला आणि त्रास फक्त तुमच्याकडे, तर काम तुमच्या शेडमध्ये.

चालू बॅचचं काय करायचं

व्हायरस मारणारं औषध नाही. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, आणि कोलिस्टिन तर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत २०१९ पासून देशात बंद आहे. कोणी पुडी देत असेल तर लेबल वाचा. अगदी निम्म्या वजनाची पिल्लं लवकर काढा. ती सावरत नाहीत आणि सगळ्यात जास्त व्हायरस तीच सोडतात. ओलं तूस काढून कोरडं टाका, तापमान एक-दोन अंश वाढवा, हवा खेळती ठेवा. बाकीची बॅच ओढून नेता येते.

खरी दुरुस्ती दोन बॅचच्या मध्ये. हे सगळे व्हायरस चरबीचं वेष्टन नसलेले आहेत, म्हणून साबण आणि नुसत्या क्वाटर्नरी अमोनियमच्या फवाऱ्याला ते फारसे दाद देत नाहीत. तूस पूर्ण उचला आणि शेडपासून लांब न्या. मग डिटर्जंटने धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि त्यानंतर ग्लुटाराल्डिहाइड किंवा पेरॉक्सी प्रकारचं जंतुनाशक लेबलवरच्या मात्रेत, तोंड-हात झाकून. घाणीवर मारलेलं जंतुनाशक घाणीतच मरतं. पाइपलाइन वेगळी धुवा. तुसातले काळे किडे आणि उंदीर जंतू एका बॅचमधून दुसरीत नेतात, शेड तापलेली असतानाच किड्यांवर फवारा. थंड झाली की ते भिंतीत शिरतात. निदान दोन आठवडे शेड रिकामी ठेवा. कंपनी पिल्लं लवकर टाकायची घाई करते, तेव्हा नाही म्हणायला शिका.

कुठे थांबायचं

एका-दोन दिवसांत मर अचानक चढली, तुरे-डोकं सुजलं, निळं पडलं, पक्षी माना टाकू लागले, पाण्याचा वापर एकदम घटला, किंवा आसपासचे कावळे-बगळेही मेलेले दिसले, तर पक्षी फाडू नका, नमुना काढू नका, जिवंत पक्षी लॅबला नेऊ नका. तो बर्ड फ्लू किंवा मानमोडी असू शकते. महाराष्ट्राने २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू पाहिलाय. शेडचं फाटक बंद, बाहेरच्या कोणाला आत प्रवेश नाही, आणि तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या हेल्पलाइनला फोन. हे कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

त्याहून साध्या प्रसंगीही हात आवरता घ्या. पहिल्या पाच तपासण्या झाल्या आणि कारण सापडलं नाही, की पशुवैद्यकाला बोलवा. पक्षी फाडणं, नमुना काढणं त्यांच्यासमोर. आणि धुऊन, वाळवून, दोन आठवडे रिकामी ठेवून टाकलेल्या बॅचलाही सातव्या दिवशी तेच दिसलं, तर शेडवर आणखी पैसे घालू नका. शंभर पिल्लांची वेगळी वजनं, हॅच आणि खाद्याचे नंबर, दोन्ही गटांचा रिपोर्ट, असं सगळं एकत्र करून कंपनीच्या डॉक्टरांकडे लेखी द्या आणि पॅरेंट कळपाची तपासणी मागा. ती तुमच्या फाटकाच्या आत होण्यासारखी गोष्ट नाही.